बॉस पगारावरून बोलतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारावरून मारलेला टोमणा दिसायला एका वाक्याचा असतो, पण त्यात दोन विषय गुंतलेले असतात. एक म्हणजे बोलण्याची पद्धत आणि दुसरा म्हणजे प्रत्यक्ष पगार. दोन्हींना एकाच दमात उत्तर द्यायला गेलं की हमखास गडबड होते. शेऱ्याला उत्तर तिथल्या तिथे आणि एका वाक्यात द्यायचं. पगाराबद्दल मात्र नंतर, एकट्यात आणि आकडे हातात घेऊन बोलायचं. खालची सगळी उत्तरं या फरकावर उभी आहेत.

बॉस असं बोलतातच का?

कारण कळलं की उत्तर निवडणं सोपं जातं. पुष्कळदा दोघांच्या डोळ्यांसमोरचा आकडाच वेगळा असतो. तुम्हाला दिसतो तो बँकेत जमा होणारा पगार. बॉसच्या शीटवर मात्र कंपनीला पडणारा एकूण खर्च असतो, म्हणजे भविष्य निधीतला कंपनीचा वाटा, विमा, बोनसची तरतूद, सगळं धरून. ते "एवढा पगार" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनातला आकडा तुमच्या हातात येणाऱ्या रकमेपेक्षा बराच मोठा असू शकतो.

दुसरं कारण उघडपणे कोणी बोलत नाही. बाहेरून येणाऱ्या माणसाला बाजारभावाने पगार मिळतो, तर वर्षानुवर्षं त्याच कंपनीत असलेल्यांचा पगार दरवर्षीच्या इन्क्रिमेंटने हळूहळू सरकतो. त्यामुळे नवीन माणसाचा पगार जुन्या मॅनेजरच्या पगाराला जवळजवळ टेकतो. अशा वेळी "आम्हाला तुमच्या वयात एवढे मिळत नव्हते" या वाक्यात राग कंपनीवरचा असतो आणि निघतो तुमच्यावर.

तिसरं, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त आढळणारं कारण: कामाबद्दलची नाराजी सरळ सांगता येत नाही, म्हणून माणूस पगारावर घसरतो. "हा रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला" असं म्हणायला अवघड वाटतं, "पगार तर वेळेवर घेतोस" म्हणायला सोपं वाटतं. हे कारण असेल तर नाराजी कशावर आहे तेवढं शोधून काढलं की शेरे बहुतेक वेळा थांबतात.

चेष्टा होती की टोमणा, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा. शेरा कोणासमोर मारला? एकट्यात बोललेलं आणि दहा जणांसमोर बोललेलं, या दोन्हींचं वजन सारखं नसतं. किती वेळा? एकदा झालं ते जीभ घसरणं असू शकतं, महिन्यात तिसऱ्यांदा झालं तर ती सवय आहे. आणि सर्वात महत्त्वाचं, शेऱ्याला मागणी चिकटलेली आहे का? "एवढा पगार आहे, शनिवारी यायला काय हरकत आहे?" ही चेष्टा नाही. इथे पगार दाखवून ठरलेल्या वेळेबाहेरचं काम मागितलं जातंय. मागणी चिकटलेल्या शेऱ्यावर पहिल्याच वेळी बोलायला हवं.

भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले तर त्या क्षणी काय म्हणायचं?

आधी दोन-तीन सेकंद काहीच बोलू नका. हसूही नका. एवढा वेळ कमी वाटेल, पण मीटिंगमध्ये तीन सेकंदांची शांतता चांगलीच जाणवते. बोलणाऱ्यालाही आपण काय बोललो ते ऐकू येतं, आणि पुष्कळदा तेच "बरं, ते असो" म्हणत पुढे जातात.

पुढे गेले नाहीत, तर एक वाक्य बोला आणि लगेच कामावर या. वाक्य शेऱ्याप्रमाणे बदलेल.

"एवढ्या पगारात एवढंही होत नाही?" याला: "सर, यात नेमकं काय राहिलंय ते सांगा, आजच बघतो." इथे तुम्ही पगाराचा शब्दच उचललेला नाही. आता त्यांना कामातली चूक दाखवावी लागेल किंवा विषय सोडावा लागेल.

"हिचा पगार बघितलात का, पार्टी हिच्याकडूनच घ्या!" याला: "मॅडम, माझ्या पगाराबद्दल सगळ्यांसमोर नको." आवाज नेहमीचाच ठेवा. "प्लीज", "सॉरी", "राग मानू नका" अशी शेपटं जोडली की वाक्याचा जोर जातो.

"एवढा पगार आहे, मग शनिवारी या" याला: "शनिवारच्या कामाचं वेगळं ठरवूया सर. सोमवारी सकाळी दिलं तर चालेल का?" मागणीला मागणी म्हणून उत्तर द्यायचं आणि पगाराचा धागा तिथेच तोडायचा.

काय बोलू नये, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. स्वतःचा आकडा तोंडातून काढू नका. "कुठे एवढा, फक्त अमुक आहे" म्हणालात की बॉसने न फोडलेली माहिती तुम्हीच फोडलीत. "त्याला तर माझ्याहून जास्त आहे" असं म्हणून सहकाऱ्याला मध्ये ओढू नका. आणि हसत हसत "मग वाढवा ना सर!" असंही म्हणू नका. हे वाक्य जिभेवर पटकन येतं, पण त्याने पगारवाढीची तुमची खरी मागणी चेष्टेत खर्ची पडते. नकारही चेष्टेतच मिळतो, आणि पुढे गंभीरपणे मागायला जाल तेव्हा "तेव्हाच सांगितलं होतं की" हे ऐकावं लागतं.

हसून सोडून दिलं तर काय बिघडतं?

पहिल्यांदा हसलात तर फारसं काही नाही. पण दरवेळी हसलात तर बघणाऱ्या सगळ्यांना वाटतं की तुम्हाला हे चालतं. पुढे तक्रार करायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येतो, "तेव्हा तर तुम्हीही हसत होतात ना?" मागे हसून झालं असेल तर त्याचं ओझं घेऊ नका. आजपासून हसणं थांबवलं तरी चालतं. एकट्यातल्या बोलण्यात एवढं म्हणा: "आधी मी हसून नेलं, पण मला ते आवडत नव्हतं."

एकट्यात बोलायचं तर कधी आणि कसं?

शेरा मारल्यापासून एक ते तीन दिवसांत बोला. त्याच दिवशी डोकं तापलेलं असतं आणि आठवड्यानंतर समोरच्याला आठवत नाही. डेडलाइनच्या आदल्या दिवशी किंवा अप्रेझलच्या मीटिंगमध्येच हा विषय काढू नका. अप्रेझलमध्ये काढलात तर शेऱ्याबद्दलचं बोलणं पगारवाढीसाठीचा दबाव वाटतं, आणि दोन्ही विषय हातचे जातात.

वेळ मागताना मेसेजमध्ये तपशील नको: "सर, उद्या १५ मिनिटं मिळतील का? एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं." खोलीत गेल्यावर चार वाक्यं पुरतात. काय घडलं, त्याने काय झालं, तुम्हाला काय हवंय, आणि मग थांबायचं. उदाहरणार्थ: "सर, मंगळवारच्या मीटिंगमध्ये टीमसमोर माझ्या पगाराचा उल्लेख झाला. त्यानंतर दोघांनी मला आकडा विचारला, मला ते अवघड गेलं. माझ्या कामाबद्दल काही म्हणणं असेल तर मला थेट सांगा, मी ऐकेन. पगाराचा विषय मात्र सगळ्यांसमोर नको, एवढी विनंती आहे."

लोक अडखळतात ते चौथ्या पायरीवर. समोरचा गप्प झाला की घाबरून आपणच बोलत सुटतो: "म्हणजे तसं काही नाही, मी आपलं सहज म्हणालो..." आणि केलेली सगळी मेहनत पुसली जाते. विनंती संपली की ओठ मिटा आणि वाट बघा.

"अरे, मी गंमत केली, तू मनावर घेतोस" असं उत्तर आलं, तर गंमत होती की नव्हती या वादात पडू नका. "गंमत असेलही सर, तरी हा विषय नको" एवढं बस. "मग पगाराप्रमाणे काम दाखव" असं आलं, तर ती संधी आहे. तिथेच म्हणा: "चालेल, पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते लिहून ठरवूया." शेरा आता मोजता येणाऱ्या अपेक्षेत बदलला, आणि वर्षअखेरीला तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

"तुझ्या पगारात दोन नवीन मुलं येतील" ही धमकी समजायची का?

कधी असते, कधी नसते. खात्री करायला तिथेच विचारा: "सर, माझ्या जागेबद्दल काही विचार चालू आहे का? असेल तर मला स्पष्ट कळलेलं बरं." धमकी नसेल तर ते लगेच मागे घेतील. उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र ते वाक्य तारखेसह लिहून ठेवा, आपल्या कामाची यादी ताजी करा आणि बाहेर चौकशी सुरू करा. हिशोबाच्या दृष्टीनेही हे वाक्य अर्धवट आहे. नवीन माणसाची भरती, प्रशिक्षण आणि तो तयार होईपर्यंत रखडणारं काम हा खर्च त्यात धरलेला नसतो. हा मुद्दा भांडणात वापरू नका, पगारवाढीच्या बैठकीसाठी राखून ठेवा.

"घरी जोडीदार कमावतोय, तुला एवढ्या पगाराची काय गरज?"

हा शेरा आम्ही सगळ्यात गंभीर धरतो, आणि तो बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो. पगार कामाचा असतो, घरच्या गरजेचा नाही. त्यामुळे घरची परिस्थिती समजावत बसू नका. कर्ज आहे, आई-वडील अवलंबून आहेत, असं सांगायला लागलात की गरजेवर पगार ठरतो हे तुम्हीच मान्य केलंत. उत्तर एवढंच: "सर, माझा पगार माझ्या कामावरून ठरावा, घरच्या उत्पन्नावरून नाही." अविवाहित माणसाला "तुला कुठे संसार आहे?" म्हणतात तेव्हाही हेच वाक्य चालतं. असा शेरा पगारवाढ नाकारताना मारला गेला असेल तर त्याच दिवशी शब्दन् शब्द लिहून ठेवा. नकाराचं कारण काम नव्हतं, याचा तो पुरावा ठरू शकतो.

बॉसने माझा आकडाच सहकाऱ्यांना सांगितला. आता?

टोमणा आणि आकडा फोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बॉसला तुमचा पगार माहीत असतो तो कामाच्या गरजेपुरता, तो वाटत फिरण्याची मुभा त्यांना नसते. कंपनीच्या नियमावलीत गोपनीयतेचं कलम शोधा. कर्मचाऱ्यांना गप्प ठेवायला जे कलम दाखवतात, ते अनेकदा मॅनेजरलाही तितकंच लागू असतं. हे प्रकरण एचआरकडे लेखी न्या. सहकाऱ्यांनी विचारलं तर खरं-खोटं काहीच करू नका: "त्यावर मी बोलणार नाही" पुरेसं आहे. आकडा नाकारलात आणि तो खरा निघाला, तर विश्वास तुमच्यावरचा उडतो.

माझा पगार खरंच जास्त आहे का, हे कसं तपासायचं?

शेरे ऐकून ऐकून माणसाला स्वतःलाच शंका यायला लागते, म्हणून एकदा हिशोब करून टाका. आपल्या पदाचा पगारपट्टा, म्हणजे त्या पदाचा किमान ते कमाल पगार, एचआरकडे मागा. समजा तो ८० ते १२० हजार आहे, म्हणजे मध्य १०० हजार. तुमचा पगार ९२ हजार असेल तर तुम्ही मध्याच्या ९२ टक्क्यांवर आहात. बऱ्याच कंपन्या मध्याच्या ८० ते १२० टक्के हा टप्पा साधारण धरतात. नव्याने पदावर आलेले खाली, अनुभवी मध्याजवळ किंवा वर. ९२ टक्क्यांवर असलेल्या माणसाला "फार पगार आहे" म्हणणं त्यांच्याच पट्ट्यात बसत नाही.

वाढीचा आकडाही सोलून बघा. "तीन वर्षांत तुझा पगार २५ टक्के वाढवला" ऐकायला मोठं वाटतं, पण ते वर्षाला साधारण ७.७ टक्के होतं. एखाद्या वर्षी वाढ ६ टक्के आणि महागाई ७ टक्के असेल, तर पगाराची ताकद जवळपास एका टक्क्याने घटलेली असते. तुलना करताना हातातला पगार हातातल्या पगाराशी आणि एकूण खर्च एकूण खर्चाशी लावा. याची सरमिसळ झाली की कोणाचाच हिशोब जुळत नाही.

नोंद कशी ठेवायची?

साध्या वहीत किंवा स्वतःच्या फोनमध्ये. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, कारण नोकरी सुटली की तो परत जातो. प्रत्येक प्रसंगाला तारीख, वेळ, जागा, हजर माणसं, जसेच्या तसे शब्द आणि तुमचं उत्तर लिहा. नोंद अशी दिसेल:

"१२ मार्च, सकाळी ११.१०, आठवड्याची मीटिंग, सहा जण हजर. शब्द: 'एवढा पगार घेऊन हाच रिपोर्ट?' मी: 'काय राहिलंय ते सांगा.' उत्तर आलं नाही, विषय बदलला."

"मला फार अपमान वाटला" हे खरं असतं, पण ते वेगळ्या ओळीत लिहा. घडलेलं आणि वाटलेलं एकत्र झालं की वाचणारा सगळ्यालाच भावना समजतो. नोंद त्याच दिवशी करा. महिन्याभराने एकदम बसून लिहिलेल्या दहा नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या दिसतात आणि त्यांचं वजन कमी होतं.

गुपचूप रेकॉर्डिंग केलं तर?

आमचा सल्ला नको असाच आहे. कायदा देशागणिक बदलतो. जर्मनीत परवानगीशिवाय खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत काही राज्यांत एका पक्षाची संमती पुरते, काही ठिकाणी सगळ्यांची लागते. कायदा आड येत नसला तरी कंपनीचा नियम आड येऊ शकतो, आणि मग चौकशी शेऱ्याची राहत नाही, तुमच्या रेकॉर्डिंगची होते.

ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं असेल तर?

स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि नाव दिसू द्या. ग्रुपवर उत्तर देऊ नका, इमोजीसुद्धा नको. खाजगीत एक ओळ पाठवा: "सर, ग्रुपवरचा पगाराचा उल्लेख कृपया काढून टाकाल का?" काढला तर प्रश्न मिटला, नाही काढला तर लेखी विनंती तुमच्याकडे राहिली.

एचआरकडे कधी जायचं आणि काय लिहायचं?

एकदा सरळ बोलूनही शेरे चालू राहिले, आकडा फोडला गेला, किंवा शेऱ्यात लिंग, जात, धर्म, वय, लग्न, गरोदरपण असं काही आलं, तर जा. शेवटच्या प्रकारात आधी बॉसशी बोलायची अट नाही. मेल छोटा ठेवा. विषयात "तक्रार" हा शब्द स्पष्ट असू द्या, नाहीतर तो नुसता अभिप्राय म्हणून बाजूला पडतो.

"१२ मार्च, २० मार्च आणि २ एप्रिल या तारखांना माझ्या वरिष्ठांनी टीमसमोर माझ्या पगारावर शेरे मारले. शब्द आणि उपस्थितांची नावं सोबत जोडली आहेत. २२ मार्चला मी त्यांच्याशी याबद्दल बोललो होतो. हे थांबावं आणि माझ्या पगाराची माहिती गोपनीय राहावी, अशी माझी विनंती आहे. पुढची कार्यवाही लेखी कळवावी."

नेमकं काय हवंय ते लिहिलं नाही तर "बघतो" एवढ्यावर विषय संपतो. एचआरने तोंडी बोलावलं तर जा, पण परत आल्यावर दोन ओळींचा मेल टाका: "आजच्या बोलण्यात अमुक ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा." आणि हे लक्षात ठेवा की एचआर कंपनीसाठी काम करतं. ते शत्रू नसतात, पण तुमचे वकीलही नसतात.

कायदा याबद्दल काय म्हणतो?

नुसत्या टोमण्यावर थेट कायदा क्वचितच असतो, पण आजूबाजूचे नियम उपयोगी पडतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात समान मोलाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतनाचं तत्त्व आहे. १९० क्रमांकाचा, २०१९ चा करार कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल आहे. भारतात वेतन संहिता, २०१९ लिंगावरून वेतनात भेदभाव करायला मनाई करते. शेऱ्याला लैंगिक रंग असेल तर स्त्री कर्मचाऱ्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे जाता येतं. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ही समिती लागते, आणि तक्रार सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते.

"पगाराबद्दल आपसांत बोलायचं नाही" अशी तंबी मिळाली असेल तर तीही तपासून घ्या. अमेरिकेत १९३५ च्या कामगार संबंध कायद्याने खाजगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसांत पगाराची चर्चा करण्याचा हक्क आहे, मात्र सुपरवायझर त्यात येत नाहीत. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये पगार गुप्त ठेवायला लावणाऱ्या कलमांवर बंदी आणली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात समान काम करणाऱ्यांच्या सरासरी पगाराची माहिती, स्त्री आणि पुरुष अशी वेगवेगळी, लेखी मागण्याचा हक्क आहे.

तक्रारीनंतर अप्रेझल खराब आलं तर?

तक्रारीच्या आधीचं रेटिंग, शाबासकीचे मेल आणि पूर्ण केलेल्या कामाची यादी तक्रार करण्याआधीच जवळ ठेवा, कंपनीची गोपनीय माहिती न उचलता. रेटिंग घसरलं तर सही करताना "मिळालं, सहमत नाही" असं लिहा आणि कोणतं काम कुठे कमी पडलं ते लेखी विचारा. दोन वर्षं चांगलं असलेलं रेटिंग तक्रारीनंतर महिन्याभरात कारणाशिवाय घसरलं, तर तारखा शेजारी शेजारी ठेवून एचआरच्या वरच्या पातळीवर न्या. हे घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटणं योग्य ठरतं.

मालकच बॉस आहेत, एचआर नाही. मग?

छोट्या ठिकाणी मालकाला पगार स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा वाटतो, त्यामुळे शेरे जास्त आणि थेट असतात. इथे तक्रारीचा रस्ता नसतो, म्हणून एकट्यातलं बोलणं आणि लेखी ठरवलेली कामं यावरच भर द्या. महिन्याच्या शेवटी झालेल्या कामाच्या पाच-सहा ओळी मेलने पाठवायची सवय लावा. पगार देताना "कशाचे पैसे देतोय" हा प्रश्न पडायच्या आधी उत्तर समोर असतं.

नोकरी सोडायची वेळ आली हे कसं कळतं?

एकट्यात बोलून झालं, लेखी तक्रार झाली, आणि तरीही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर शोध सुरू करा. झोप उडाली असेल, मीटिंगच्या आदल्या रात्री पोटात गोळा येत असेल, तर एवढंही थांबू नका. राजीनामा मात्र ऑफर लेटर हातात आल्यावरच. रागाच्या दिवशी दिलेल्या राजीनाम्यात नोटीस पीरियड, बाकी बोनस आणि शिल्लक रजा या तिन्हींचा हिशोब चुकतो. निघताना मुलाखत घेतली तर तारखा आणि शब्द सांगा, विशेषणं नको. आणि अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आणि अंतिम हिशोबाचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.